घंटाघर : एका चौकाच्या स्मृतीचे स्तर

दिल्लीच्या चांदणी चौकात जुन्या नगरभवनासमोर उतरायचे असेल, तर सायकलरिक्षावाल्याला ‘घंटाघर’ एवढे सांगितले की पुरते. तो नेमक्या जागी आणून सोडतो. तेथे घंटाघर नाही. १९५० नंतरच्या एकदोन वर्षांत त्या मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला आणि पुढे उरलेला भागही उतरवण्यात आला. चांदणी चौकाचा मुख्य रस्ता २०२१ मध्ये नव्याने बांधून दिवसा मोटारींना बंद करण्यात आला, तेव्हाही मनोरा परत आला नाही. नाव मात्र दोन पिढ्यांहून अधिक काळ वस्तूशिवाय टिकून आहे. मुंबईच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. धोबी तलावात तलाव नाही आणि पायधुणीत पाय धुण्यापुरतेही पाणी नाही. परंतु मुंबईतील ही नावे बुजलेल्या पाण्याची आहेत, म्हणजे वसाहतकाळाने पुसून टाकलेल्या भूगोलाची आहेत. दिल्लीचे नाव वसाहतकाळानेच उभारलेल्या वास्तूचे आहे. लोकांनी आठवणीत जपले ते परक्या सत्तेने आपल्या चौकात रोवलेले घड्याळ. हे कसे घडले, हा प्रश्न स्मरणपर साहित्याच्या तौलनिक अभ्यासात वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

‘चौक’ या शब्दापासूनच आरंभ करणे इष्ट. मराठीत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. वाड्याच्या पोटातील चहूबाजूंनी बंदिस्त मोकळी जागा म्हणजे चौक आणि चार रस्ते एकमेकांस छेदतात ती जागाही चौकच. पहिल्या अर्थात थांबणे आहे, दुसऱ्यात ओलांडून जाणे. (रस्त्यांच्या भेटीसाठी मराठीत ‘तिठा’, ‘नाका’, ‘चव्हाटा’ असे आणखीही शब्द आहेत, आणि त्यांतील ‘नाका’ जकातीच्या ठाण्याची आठवण वागवतो.) शाहजहानची कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास शाहजहानाबादेत जो अष्टकोनी चौक बांधविला, तो पहिल्या अर्थाला जवळचा होता. मध्ये हौद, उत्तरेस सराई आणि तिच्या पाठीमागे बेगमेचा बाग, दक्षिणेस हमाम. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणाऱ्या राजरस्त्याच्या मधोमध कालवा वाहत होता आणि त्याचे पाणी या हौदात येत होते. चांदणी चौक हे नाव आधी एवढ्याच जागेचे होते, ते संपूर्ण रस्त्याला पुढे लागले. हौदात पडणाऱ्या चांदण्यावरून ते आले, असे लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यात पाणी आहे ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सतराव्या शतकात दिल्लीत राहिलेल्या फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच वैद्याला बेगमेची सराई पाहून पॅरिसची आठवण झाली होती. अठराव्या शतकात दरगाह कुली खान याच्या ‘मुरक्का-ए-दिल्ली’ या फारसी ग्रंथात चौकातील दुकानांचे वैभव एका आख्यायिकेतून येते. बापाच्या वारशातून एक लाख रुपये मुलाच्या हाती ठेवताना आई त्याला बजावते, की चौकातील दुर्मीळ वस्तूंसाठी ही रक्कम अपुरी आहे. मराठीतील दिल्ली याच शतकाची, परंतु तिचे रूप निराळे आहे. हिंगणे घराण्यातील वकिलांनी पेशव्यांना पाठविलेल्या पत्रांतील दिल्ली ही दरबाराची, कर्जांची, तहांची आणि थकलेल्या रकमांची दिल्ली आहे. चौकात रमण्याची सवड वकिलाला नसते. पुढे मराठी मनात दिल्ली जी राहिली ती बहुधा या पत्रांतून आणि पानिपताच्या बखरींतून. त्या नगरीत रोज संध्याकाळी फिरायला निघणारा माणूस मराठी गद्याला फारसा भेटलेला नाही, आणि आपल्या वाचनातील ही उणीव पुढील विवेचनासाठी प्रारंभीच मान्य केलेली बरी.

१८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. चौकालगतच्या कोतवालीपाशी फाशीचे खांब उभे राहिले. शहरवासीयांना तटाबाहेर घालविण्यात आले. हिंदूंना आधी परतण्याची मुभा मिळाली, मुसलमानांना बरीच नंतर. किल्ल्याभोवतीचा काही शे यार्डांचा पट्टा हवेल्यांसह साफ करण्यात आला, जहाँआरेची सराई पाडली गेली. फतेहपुरी मशीद लिलावात निघून लाला चुन्नामल या सावकाराने विकत घेतली, ती मुसलमानांना १८७७ मध्ये परत मिळाली. या काळाचा साक्षीदार मिर्झा गालिब. मीर मेहदी मजरूह याला १८५९ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो, की दिल्लीचे असणे पाच गोष्टींवर अवलंबून होते : किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीपाशी रोज भरणारा मेळा, आठवड्याला यमुनेच्या पुलावरचा फेरफटका आणि दरवर्षीचा फूलवाल्यांचा मेळा. या पाचही गोष्टी गेल्या, मग दिल्ली कुठली, असा त्याचा सवाल आहे. या यादीत राजा नाही, हे सहज निसटून जाते. किल्ला आहे, परंतु बाकी चार जागा आणि रिवाज प्रजेचे आहेत. शहर म्हणजे लोकांच्या एकत्र येण्याच्या ठरलेल्या वेळा व ठिकाणे, अशी ही व्याख्या आहे.

मात्र गालिबची साक्ष भाबडेपणाने स्वीकारता येत नाही. त्याचा ‘दस्तंबू’ हा फारसी ग्रंथ १८५८ मध्ये छापला गेला तेव्हा त्याला पेन्शन आणि सरकारदरबारी मान परत हवा होता, आणि ग्रंथात राणी व्हिक्टोरियाची स्तुतिपर रचनाही आहे. पत्रांतला गालिब आणि ‘दस्तंबू’तला गालिब एकाच शहराविषयी वेगवेगळ्या श्रोत्यांशी बोलतो. आणखी एक बारकावा असा, की त्याच्या तरुणपणी चौकातून वाहणारे पाणी अखंड मुघल परंपरेचे नव्हते. अठराव्या शतकात कालवा कोरडा पडला होता. त्यात पुन्हा पाणी आले ते १८२० च्या सुमारास, कंपनी सरकारने दुरुस्ती केल्यावर. म्हणजे १८५७ नंतर जो ‘जुना’ चौक शोकाचा विषय झाला, त्याच्या मधोमधचे पाणीसुद्धा काही अंशी इंग्रज अमदानीची देणगी होते.

आता १८६३ या एका वर्षाकडे पाहावे. या वर्षी तफज्जुल हुसेन कौकब याने संपादिलेला ‘फुगान-ए-दिल्ली’ हा उर्दू काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. दाग, आजुर्दा आदी कवींच्या, उद्ध्वस्त दिल्लीवरील शोकरचना त्यात एकत्र आल्या. त्याच वर्षी मुंबईत गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. दोन्ही ग्रंथ एका शहराला वाहिलेले, दोन्ही त्या त्या भाषेत पायंडा पाडणारे. शीर्षके शेजारी ठेवली तरी दोन जगे दिसतात. ‘फुगान’ म्हणजे आक्रोश. ‘वर्णन’ म्हणजे जे आहे ते नीट पाहून सांगणे. उर्दूतील ग्रंथाच्या मागे ‘शहर-आशोब’ या काव्यप्रकाराची परंपरा आहे. अठराव्या शतकात सौदासारख्या कवींच्या हाती या प्रकारात उपहास प्रबळ होता. शहराची घडी विस्कटली, कोणता धंदा कसा बुडाला, शिपायाला पगार का नाही, याची तिखट जंत्री त्यात असे. १८५७ नंतर उपहास मागे पडला आणि विलाप उरला. माडगांवकरांच्या मागे अशी परंपरा नाही. त्यांच्यापुढे आहे शाळामास्तराची जिज्ञासा आणि इंग्रजी अमदानीतील माहितीपर ग्रंथांचा नमुना. जाती-जमाती, बाजार, तलाव, देवळे, विद्यालये, आगगाडी, गिरण्या असे सारे त्यांना नोंदवायचे आहे.

हा फरक हिंदू-मुसलमान किंवा मराठी-उर्दू अशा स्वभावभेदाने उलगडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १८६० च्या दशकात पहार दोन्ही शहरांत चालत होती. मुंबईत बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना कोटाचे तट पाडण्यात आले. दिल्लीत हवेल्या आणि सराया पाडल्या गेल्या. परंतु मुंबईतील पाडापाडी कापसाच्या तेजीच्या धुंदीत, शहर वाढावे म्हणून झाली. दिल्लीतील पाडापाडी शिक्षा म्हणून झाली. एका ठिकाणी दगड हलला तो जागा व्हावी यासाठी, दुसऱ्या ठिकाणी माणसे हलावीत यासाठी. माडगांवकर दिल्लीत असते तर त्यांना ‘वर्णन’ करणे जमले असते काय, हा प्रश्न काल्पनिक असला तरी निरर्थक नाही. त्याचे अर्धे उत्तर पुण्यात सापडते. राज्य गमावलेल्या या शहरावर १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांनी जो ग्रंथ लिहिला त्याचे नावही ‘पुणे शहराचे वर्णन’. मराठीत शोक नव्हता असे नाही. पेशवाईच्या अस्ताचे दुःख शाहीर प्रभाकराने गायिले आहे. पण ते दुःख राज्याचे आणि धन्याचे आहे. पेठेचे, हौदाचे, नाक्यावरच्या गर्दीचे नाही. उर्दूने शहराच्या शोकाला स्वतंत्र प्रकार दिला, मराठीने शहराच्या माहितीला दिला : १८८९ मध्ये आचार्य व शिंगणे यांच्या ग्रंथाचे नाव ‘मुंबईचा वृत्तांत’ असे ठेवले गेले, त्यातही हीच वृत्ती दिसते. या दोन वाङ्मयप्रकारांची तुलना करताना एकाला हळवे आणि दुसऱ्याला आधुनिक ठरविणे म्हणजे विजेत्याच्या नजरेने वाचणे होय.

दिल्लीच्या चौकाचे रूप १८५७ नंतरच्या दीड दशकात पालटले. सराईच्या जागी लॉरेन्स इन्स्टिट्यूट उभी राहिली. ती १८६६ च्या सुमारास पूर्ण झाली आणि नगरपालिकेकडे जाऊन नगरभवन बनली. बेगमेचा बाग राणीचा बाग झाला. त्याच्या पलीकडे आगगाडी आली. दक्षिणेस वस्ती चिरून चावडी बाजाराकडे एजर्टन रोड काढण्यात आला. लोकांनी त्याला ‘नई सडक’ म्हटले आणि दीडशे वर्षे होत आली तरी तो नवाच आहे. (आज तेथे क्रमिक पुस्तकांचा मोठा बाजार आहे.) हौद गेला. त्याच्या जागी १८७० नंतर घड्याळाचा मनोरा उभा राहिला. वाड्याच्या चौकासारखी बंदिस्त असलेली जागा अशा रीतीने चव्हाटा झाली. पूर्वी लोक हौदाभोवती थांबत, आता मनोऱ्याला वळसा घालून जाऊ लागले. पुढे १९०८ मध्ये ट्राम आली आणि हा वळसा रुळांनी कायम केला.

किल्ल्यातील नौबत आणि मशिदींची बांग यांवर चालणाऱ्या शहरात नगरपालिकेचे घड्याळ ही लहान घटना नव्हे. मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला, पण तो प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून विद्यापीठाच्या आवारात उभा राहिला. मुंबईची वेळ देणगीदाराच्या आईच्या नावाने आली, दिल्लीची वेळ पाडलेल्या सराईसमोर सरकारी बाजूने आली. एवढ्या एका भेदावरून मनोऱ्याविषयीचा जिव्हाळा दिल्लीत कमी असायला हवा होता. झाले उलटे, आणि याचे कारण पुढच्या चार दशकांत आहे.

मधल्या टप्प्याचा सर्वांत मार्मिक दस्तऐवज म्हणजे अहमद अली यांची ‘ट्वायलाइट इन दिल्ली’ ही इंग्रजी कादंबरी. ती १९४० मध्ये लंडनच्या होगार्थ प्रेसने काढली. १८५७ विषयीचा मजकूर युद्धकाळात राजद्रोही ठरेल म्हणून मुद्रकांनी आढेवेढे घेतले होते. कादंबरीतील काळ १९११ ते १९१९ चा आहे. पंचम जॉर्जच्या दरबाराची तयारी चालू आहे आणि चांदणी चौकातील मधला उंच पदपथ उखडला जातो, त्यावरील पिंपळ तोडले जातात. उन्हात सावली देणारे पिंपळ गेले, याचे दुःख मीर निहाल या वृद्ध नायकाच्या पिढीला सरकारी अन्यायाइतकेच खोल जाणवते. वाचक येथे हेलावतो आणि सहसा पुढचा प्रश्न विचारत नाही : हा मधला पदपथ आला कोठून? तो होता कालव्याच्या जागी. वाहते पाणी झाकले गेले, त्यावर फिरायला वाट झाली, कडेला झाडे वाढली. म्हणजे मीर निहालला जे सनातन वाटते ते त्याच्या वडिलांच्या पिढीच्या कालव्यावरचे झाकण आहे. गालिबच्या समकालीनांपैकी कोणी १९११ पर्यंत जगला असता, तर त्याने कदाचित पिंपळांकडे पाहूनच पाण्यासाठी उसासा टाकला असता.

यामुळे कादंबरीतील शोक खोटा ठरत नाही. उलट त्याची रचना स्पष्ट होते. स्मृती जुन्या वस्तूला धरून राहत नाही, ती आपल्या बालपणी जी वस्तू तेथे होती तिला धरून राहते, आणि मग तिला प्राचीनतेचे वय देते. म्हणून स्मरणपर ग्रंथ पुरावा म्हणून वापरताना ‘काय गेले’ याआधी ‘कोणाच्या लहानपणी काय होते’ हे निश्चित करावे लागते. मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ हा शब्द एकजिनसी मनोवृत्ती असल्याप्रमाणे वापरला जातो. एकाच चौकात निदान तीन वेगवेगळी स्मरणरंजने एकमेकांच्या अंगावर रचलेली आहेत, आणि प्रत्येकाने आधीच्याची हरवलेली वस्तू पायाखाली घातली आहे.

मनोरा आपला झाला तो राजकारणामुळे. २३ डिसेंबर १९१२ रोजी नव्या राजधानीत प्रवेश करणाऱ्या व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या हत्तीवर याच रस्त्यावर बॉम्ब पडला. हार्डिंग जखमी झाले, त्यांच्यामागे छत्र धरून बसलेला सेवक मरण पावला. १९१५ मध्ये मास्टर अमीरचंद, अवधबिहारी, भाई बालमुकुंद व बसंतकुमार विश्वास यांना फाशी झाली. ३० मार्च १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळात गोळीबार झाला आणि घंटाघराजवळ गुरखा शिपायांच्या संगिनींपुढे स्वामी श्रद्धानंद छाती उघडी करून उभे राहिले. पाच दिवसांनी, ४ एप्रिलला, या आर्यसमाजी संन्याशाने जामा मशिदीत जमलेल्या मुसलमानांसमोर भाषण केले. १९२६ मध्ये त्यांचा खून एका मुसलमान तरुणाकडून झाला. त्या दिवसाची तारीखही २३ डिसेंबर. यानंतर १९१९ च्या त्या आठवड्याकडे १९२६ वगळून पाहणे बहुतेकांना अशक्य झाले. मात्र चौकाच्या इतिहासात तो आठवडा जसा घडला तसाच आहे, आणि नंतरच्या घटनेने त्याला मागे जाऊन पुसणे योग्य नव्हे. नगरभवनासमोर जेथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, तेथे स्वातंत्र्यानंतर स्वामीजींचा पुतळा बसविण्यात आला.

१९३२ च्या एप्रिलात काँग्रेसवर बंदी असताना दिल्लीचे अधिवेशन भरले ते या मनोऱ्याखालीच. नियोजित अध्यक्ष मदनमोहन मालवीय यांना वाटेतच अटक झाली. रणछोडलाल अमृतलाल यांच्या अध्यक्षतेखाली प्रतिनिधींनी पोलिसांना गुंगारा देत उघड्यावर ठराव संमत केले. सरकारी घड्याळाखाली सरकारची बंदी मोडणे, यात प्रतीक शोधायची गरज नव्हती. सगळ्यांना ठाऊक असलेली, चहूकडून पोहोचता येणारी आणि वेळ दाखवणारी जागा शहरात तीच होती. बंदिस्त चौकाचा चव्हाटा करताना राज्यकर्त्यांनी रहदारीचा विचार केला होता. चव्हाट्यावर इतर गोष्टीही येतात, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

१९४७ मध्ये चौकाचे लेखक आणि चौक यांची फारकत झाली. मुल्ला वाहिदी, शाहिद अहमद देहलवी यांसारखे दिल्लीचे स्मृतिकार कराचीला गेले, आणि भटियारे, कबाबवाले, पतंगबाज, दास्तानगो यांनी गजबजलेली दिल्ली तेथे बसून लिहिली गेली. इकडे पश्चिम पंजाबातून निर्वासित होऊन आलेल्यांनी चांदणी चौकात दुकाने थाटली. त्यांच्या आठवणींतला चौक लाहोरचा किंवा लायलपूरचा होता, आणि लायलपूरलाही एक घंटाघर होतेच. ज्यांना दिल्लीचा मनोरा आठवत होता ते तो पाहू शकत नव्हते आणि जे रोज त्याच्याखालून जात होते त्यांना दुसरा आठवत होता. अशा वेळी तो पडला.

अहमद अली यांनाही फाळणीनंतर परतता आले नाही. त्यांच्या कादंबरीचा उर्दू अनुवाद त्यांच्या पत्नी बिलकिस जहाँ यांनी ‘दिल्ली की शाम’ या नावाने केला. अनुवादाच्या अभ्यासकांनी येथे थांबावे. मूळ पुस्तक इंग्रजीत असले तरी त्यातील माणसे दिल्लीची उर्दू बोलतात. स्त्रियांचे संवाद तर जनान्यातील खास बोलीत घडलेले आहेत. इंग्रजीत ती बोली सूचित करावी लागली होती. उर्दूत ती पुन्हा कानावर पडणार होती. पण ती बोलणारी घरे आता नई सडकेच्या आसपास विखुरलेली, कराचीत स्थिरावलेली किंवा मिटलेली होती. हा अनुवाद १९६३ मध्ये कराचीत छापला गेला. त्याच वर्षी दिल्लीची ट्राम बंद झाली आणि चौकातले रूळ रिकामे झाले.